पुड्यांची किनार

मी तोंडाची फटकळ आहे, हे ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात कुणीही सांगेल. भाजीवाला असो की विहीणबाई, मी मनात काही ठेवत नाही. पण गेल्या पंधरा दिवसांत मी घरात धड चार वाक्यं बोललेली नाही. कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हणते.

आमच्याकडे दुपारी शेजारच्या बायका जमतात आणि आम्ही रिकाम्या पाकिटांच्या पर्सा विणतो. चिप्सची, शेवेची, थंडीत तीळ-गुळाच्या गजकेची ती चकचकीत पाकिटं असतात ना, बाहेरून रंगीत आणि आतून चांदीसारखी, त्यांना कबाडीवाला हात लावत नाही. म्हणे त्यांचं काहीच होत नाही. मग ती नाल्यात जाऊन बसतात, नाहीतर गाय खाते. मुलीने पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला, त्यावरून आम्ही शिकलो. पाकिटं धुवायची, दोरीवर वाळवायची, पट्ट्या कापून घड्या घालायच्या आणि एकीत एक अडकवत न्यायच्या. वरून चेन शिवली की झाली पर्स. दिवाळीत मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही टेबल मांडलं, तर बायकांची झुंबड उडाली. एकीने माईकवर माझं कौतुक केलं. मला आभाळ ठेंगणं झालं. घरी येऊन तीच वाक्यं मी ह्यांना दोनदा ऐकवली.

हे म्हणजे माझे यजमान. वीज खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. घराण्यात तलवारी होत्या म्हणतात, ह्यांच्या वाट्याला नुसत्या मिशा आल्या. नोकरीत असताना गुटख्याची सवय लागली. त्यात नवल काही नाही, आमच्या गावात निम्मे पुरुष हनुवटी वर करून बोलतात, कारण गालात ऐवज असतो. मी भांडले, अबोला धरला, पुड्या मोरीत ओतल्या. शेवटी नात झाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून ह्यांनी शपथ घेतली आणि पुडी सुटली. निदान मी तसं धरून चालले. सगळ्यांना अभिमानाने सांगायचे, की आमच्या ह्यांनी बघा, एका दिवसात सोडलं.

दिवाळीच्या त्या टेबलाआधीची गोष्ट, पर्सांना किनार हवी होती. मोठ्या पाकिटाची घडी जाड होते, काठाला बसत नाही. एकदा हे फिरून आले आणि खिशातून गुटख्याच्या मूठभर रिकाम्या पुड्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाले, कोपऱ्यावरचा पानवाला बाजूला काढून ठेवतो, बघ तुझ्या कामाच्या आहेत का. बघते तर काय, घडी इतकी बारीक पडली आणि काठ असा झळकला, की बायकांनी पुढच्या सगळ्या पर्सांना तोच काठ लावायचं ठरवलं. मी ह्यांना म्हटलं, अजून मिळाल्या तर आणा हो.

ह्यांनी आणल्या. रोज आणायला लागले. फिरायला जायचा कंटाळा करणारा माणूस सकाळ-संध्याकाळ किला गेटपर्यंत चालून यायला लागला. मला वाटलं, चला, बिचाऱ्यांना निवृत्तीनंतर काहीतरी उद्योग मिळाला. बायकांसमोर मी मिरवायचे, की माझा नवरा माझ्या कामाला हातभार लावतो, तुमचे काय करतात? बादलीत पुड्या भिजत पडायच्या, घरभर तो उग्र वास सुटायचा. हे जवळ येऊन बसले तरी तोच वास. मी म्हणायचे, हात धुवा, पुड्यांचा वास येतोय. आणि हे मुकाट्याने उठून हात धुवायचे.

मग ह्यांचं जेवण बदललं. पोळी वरणात बुडवून बुडवून लगदा करायचे. कचोरीचे इवले इवले तुकडे करायचे. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. मी म्हटलं दात असेल, दाखवा कुणाला. हे आज-उद्या करत राहिले. शेवटी मीच ऑटोत घालून सिटी सेंटरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने तोंड उघडायला सांगितलं. ह्यांनी उघडलं, तर एक बोटही आत जाईना. तीन बोटं जायला हवीत, असं डॉक्टर हिंदीत समजावत होता. मग त्याने बॅटरी मारून गालाच्या आत बराच वेळ बघितलं आणि विचारलं, गुटखा किती खाता? ह्यांच्या आधी मीच उत्तर दिलं. म्हटलं, ते नाव काढू नका, कधीचा सोडलाय, नातीची शपथ आहे. डॉक्टर माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघत राहिला.

"आज सुबह खाई थी," हे म्हणाले.

माझ्या मांडीवर माझीच पर्स होती. डॉक्टरला दाखवून एखादी खपवावी म्हणून मुद्दाम नवी घेतली होती. मी काय केलं सांगू? हात सरकवून तिची किनार पदराखाली झाकली. ह्यांच्या तोंडात काय झालंय, ते बरं होईल का, हे मी नंतर विचारलं. आधी किनार झाकली. जीव ह्यांचा टांगणीला लागलेला आणि मला पडली होती माझ्या पर्सची. ह्या एका गोष्टीची मला अजून इतकी लाज वाटते, की आठवलं की कान तापतात.

गालातला तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरलं. परत येताना ऑटोत मला एकेक दिसायला लागलं. रस्त्यातली पुडी चिखलाने माखलेली असते, कोपऱ्याला दाताने फाडलेली असते. ह्यांच्या पुड्या कोरड्या, स्वच्छ आणि वरून कात्रीने सरळ कापलेल्या. माझं माप वाया जाऊ नये म्हणून. मी रोज त्या हातात घेत होते, पट्ट्या कापत होते, वर शाबासकी देत होते. इतकी कशी मी आंधळी? का मला बघायचंच नव्हतं? हॉलमधल्या त्या बायकांनी काठाचं कौतुक केलं होतं ना.

घरी आल्यावर मी विचारलं, एक तरी पुडी त्या पानवाल्याकडून आणली होती का? ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी भांडणार होते. भांडायला पदर खोचला होता. म्हटलं, मग काय माझ्या पर्सांसाठी खात होतात? माझ्यावर ढकलताय?

"नाही गं. खायचो ती माझ्यासाठीच," हे म्हणाले. तोंड उघडत नव्हतं, शब्द दातांतून यायचे. "आधी चोरून खायचो, पुडी नाल्यात टाकायचो, तेव्हा फार लाज वाटायची. वाटायचं, उद्यापासून बंद. तुला आणून द्यायला लागलो, तू खूश व्हायचीस, मग ती वाटेनाशी झाली."

खोचलेला पदर मी सोडला. ती लाज ह्यांची होती, आणि तीच एक ह्यांना अडवत होती. ती मी काढून घेतली, धुतली, घडी घातली आणि चार बायकांत मिरवली.

रिपोर्ट अजून यायचा आहे. हे वाटीने पातळ वरण पितात आणि मी समोर बसून राहते. दुपारी बायका आल्या की मी आत निघून जाते. मला ह्यांच्या तोंडाकडे बघवत नाही, आणि हे मात्र मधूनच मला विचारतात, की काठ आता कशाचा लावणार आहेस.