मासेवाली काय वाचते

"हात धुऊन आलीस ना गो?" ग्रंथपालांनी विचारलं, आणि वाचनालयातली सगळी माणसं माझ्या हातांकडे बघू लागली.

मी मासे विकते. मांडवीला, घरोघर. हात साबणाने घासूनच आले होते. इतर बायका आल्या की ग्रंथपाल "या वहिनी" म्हणायचे. मला "अगो". त्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणायची.

मला हवं होतं ते पुस्तक कपाटात होतं. नवरा मारत असेल तर बाईने कायद्याने काय करावं, असं पुस्तक. नाव ठळक अक्षरांत. मी ते पदराआड धरून टेबलाशी नेलं. भाऊंनी नोंद केली आणि मोबाईल काढला. पुस्तक नेणाऱ्याचा फोटो काढून वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, हा त्यांचा रोजचा नेम. कौतुक म्हणून.

"फोटो नको," मी म्हटलं.

"अगो, मासेवाली वाचते हे कळू दे की गावाला. चोरी केलीस काय?"

लोक हसले. फोटो निघाला. नावासकट, पुस्तकासकट.

त्या ग्रुपमध्ये माझा दीर होता. मी घरी पोचले. नवरा पडवीत बसला होता. हातात दिराचा मोबाईल.

"माज्यावर केस करतेस काय गो?"

एवढंच बोलला. मला आत घेऊन कडी लावली. त्याच पुस्तकाने मारलं.

दोन दिवसांनी सूज थोडी उतरल्यावर मी वाचनालयात गेले. पुस्तक टेबलावर ठेवलं. काय झालं ते भाऊंना सांगितलं. ते पुस्तक उलटसुलट करून बघत राहिले.

"पुठ्ठा फाडलास. आणि तुमच्या घरातल्या भानगडी, त्यात वाचनालयाचा काय संबंध?"

माझ्या मागे कॉलेजातली एक मुलगी उभी होती. तिने पुस्तक पालथं धरलेलं. भाऊंनी तिच्यावर मोबाईल रोखला. ती ओढणी सारखी करत म्हणाली, "सर, नको ना."

तोच आवाज. माझाच.

मी हात पुढे केला आणि मोबाईलवर पंजा ठेवला. त्या दिवशी हात धुतले नव्हते. बांगड्याची खवलं काचेला चिकटली.

"कोण काय वाचतं ते तुमच्याकडे विश्वासाने येतं. गावभर वाटायला नाही. माझा फोटो ग्रुपवरून काढून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

यावेळी कोणी हसलं नाही. भाऊंनी रुमालाने काच पुसली आणि ग्रुपवरून फोटो काढून टाकला. मी फाटकं पुस्तक पुन्हा माझ्याच नावावर घेतलं. घरी नेलं नाही. तिथेच बसून उघडलं.

मला अजून भीती वाटते. कडी वाजली की मी भिंतीशी सरते. पण टोपली रिकामी झाली की मी रोज तिथे जाऊन बसते. थोडीच पानं राहिलीत. ती संपली की मी त्या कडीच्या आत परत जाणार नाही.