दोन वर्षं जास्त

जिना चढताना ती मध्येच वाकायची आणि चपलेचा पट्टा लावायची. पट्टा लागलेलाच असायचा. दम लागतो हे कोणाला कळू नये म्हणून हे सोंग. विचारलं तर म्हणायची, "पट्टाच ढिला आहे, काकू." बाकीच्या मुली तिला पट्टेवाली म्हणायच्या.

इकडे उत्तरेत, दतिया गेटजवळच्या मुलींच्या बालगृहात मी बावीस वर्षं स्वयंपाक केला. ती तिथे एवढीशी असताना आली आणि माझ्याशेजारी बसून कणीक मळता मळता मराठी शिकली. माझी नातवंडं मला हिंदीत उत्तर देतात. ही माझं काही चुकलं तर मलाच टोकायची. अशा मुली तुम्हीही पाहिल्या असतील, कामात पुढे आणि फोटोत मागे.

तिच्या हृदयाची झडप खराब होती. बालगृहातल्या मुलींना अठरा पूर्ण होईपर्यंत उपचार सरकारी खर्चाने मिळत. गोळ्या दर महिन्याला यायच्या. ऑपरेशनही मंजूर झालं होतं, कानपूरला, तारीख दिवाळीनंतरची. पण एक जुलैला ती कागदावर अठराची झाली. बालगृह सुटलं, गोळ्या बंद झाल्या, ऑपरेशनची तारीखही गेली.

आता माझं ऐका. ती आली तेव्हा तिचं वय कोणालाच माहीत नव्हतं. कचेरीतला बाबू रजिस्टर उघडून बसला होता. मीच म्हटलं, सहा लिहा. असेल चारची. पण सहाच्या आतल्या मुलींना जेवणात दोन पोळ्या मिळत, वरच्यांना चार, आणि पोर उपाशी दिसत होती. बाबूने सहा लिहिलं. जन्मतारीख एक जुलै, तिथे सगळ्यांचीच तीच.

मी बडी दीदींकडे, म्हणजे आमच्या अधीक्षिकेकडे गेले आणि हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या,

"अम्मा, ये बात अब बता रही हो?"

शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, सगळीकडे तेच वय होतं. डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढला आणि सोळाही असेल, अठराही असेल, असं सांगून मोकळे झाले, म्हणून कागदावरचं वय तसंच राहिलं.

मग मोठ्यांच्या उपचाराचं कार्ड काढायला तिला शिबिरात नेलं. ते कार्ड यादी बघून देत होते, आणि यादी घरांची होती. कॉम्प्युटरवरच्या माणसाने विचारलं, परिवार में कौन-कौन है. ती म्हणाली, मैं. त्याला वाटलं हिला कळलं नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. तिनेही पुन्हा तेच सांगितलं. मागे रांग खोळंबली होती. आम्ही कार्डाशिवायच बाजूला झालो.

परतताना मी तिला वयाचं खरं काय ते सांगितलं.

"का केलंत असं?"

"पोळ्यांसाठी."

ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी दुप्पट खाल्लं. मजाच की काकू."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे तिला चिरगाँवला एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. रविवारी बसने मला भेटायला यायची. गोळ्या विकत घेतेस ना, असं विचारलं की मान हलवायची आणि माझ्या हातातलं लाटणं ओढून घ्यायची.

थंडीत दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी मीच गेले. ती दहा दिवसांपूर्वी वारली होती. भाताचं पातेलं उतरवताना कोसळली ती उठलीच नाही. कळवायचं कोणाला हे वसतिगृहवाल्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनीच सगळं उरकलं होतं. तिथल्या बाईंनी तिची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली.

दोन सलवार-कुर्ते, फणी, एक शाल आणि गोळ्यांची डबी. डबीत अख्खी गोळी एकही नव्हती. अर्ध्या होत्या, काहींचे चार तुकडे केलेले होते. इतक्या बारीक गोळीचे इतके सारखे तुकडे पाडायला हात स्थिर लागतो. हात तिचा चांगलाच होता.