मॅटच्या खालचा सांधा

मी क्रिकेटर म्हणून केवढा मोठा होतो, हे बऱ्हाणपुरात कुणालाही विचारा. सगळे सांगतील, कारण त्या सगळ्यांना ते मीच सांगितलेलं आहे.

मी डावखुरा फिरकी बोलर. दिवसभर शाळेत भूगोल शिकवायचा, आणि सुटीची घंटा झाली की बुधवाऱ्यातून सायकल हाणत तापीकाठचं मैदान गाठायचं. मैदानावर गवताचं पातं नव्हतं. म्हणून खेळपट्टीवर काथ्याची मॅट अंथरून कडेनं लोखंडी खिळे ठोकायचे. कॅप्टन असूनही ती मॅट मी स्वतः वाकून अंथरायचो. लोक म्हणायचे, एवढा मोठा खेळाडू, पण गर्व कसा तो नाही. त्याचं खरं कारण आज सांगून टाकतो.

एका वर्षी शाहपूरहून स्टेशनाकडे केळी घेऊन निघालेली बैलगाडी मैदानातून आडवी गेली आणि बैलाच्या नालेनं मॅट फाटली. नवी घ्यायची ऐपत नव्हती. आमच्यातल्याच एका हातमागवाल्या फलंदाजानं ती जोडली. गावच विणकरांचं, त्यानं असा सांधा घातला की वरून पाहणाऱ्याला पत्ता लागू नये. फक्त खालच्या बाजूला सुतळीची जाडसर वळी राहिली. तिच्यावर चेंडू पडला की तो कुठे वळेल हे बोलरलाही ठाऊक नसायचं.

ही भानगड मला दोन सामन्यांत उमगली. तेव्हापासून तापीच्या टोकाकडून टाकणाऱ्या बोलरच्या बरोबर टप्प्यात सांधा येईल, अशीच मॅट मी अंथरायचो. आणि तापीच्या टोकाकडून मीच टाकायचो. विकेटी पडत गेल्या, माझं नाव झालं, आणि त्या नावावर मला नागपूरला निवड चाचणीचं बोलावणं आलं. तेव्हा आमची राजधानी नागपूर होती.

नागपूरची मॅट अखंड निघाली. माझा चेंडू सरळ गेला आणि फलंदाजानं तो तसाच सरळ सीमेपार पाठवला. हे सहा षटकं चाललं. परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत मी हरलेला माणूस होतो. भुसावळला गाडी बदलली, आणि बऱ्हाणपूर येईपर्यंत माझ्यावर अन्याय झालेला होता. नागपूरवाल्यांनी आपली माणसं घेतली, माझ्या बोलिंगवर मुद्दाम कॅच सोडले, वगैरे. पुढे ही कहाणी मी इतकी जपली, की बायको एकदा पाहुणे गेल्यावर म्हणाली, "अहो, दिवाळीत तीन कॅच सुटले होते. आज पाच झाले."

मग संस्थानं विलीन झाली, प्रांतांच्या रेषा खोडून नव्यानं ओढल्या गेल्या. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमची राजधानी भोपाळ झाली. आम्ही जागचे हललो नव्हतो, पण वर्गातला नकाशा मला बदलावा लागला. नव्या राज्याच्या निवड समितीत इंदूरचे एक आणि जबलपूरचे एक असे दोघं बसले. तिसरा कुणाच्या बाजूचा घ्यायचा, यावर त्यांचं जमेना. माझ्यावर नागपूरनं अन्याय केलेला होता, एवढ्या एका योग्यतेवर मी दोघांनाही चाललो.

पहिली चाचणी आमच्याच मैदानावर ठरली. फिरकी बोलरची एकच जागा होती आणि तिच्यासाठी दोघं आले होते. एक शाहपूरच्या केळीवाल्यांचा विशीतला मुलगा. दुसरा चांदनी स्टेशनवरचा पॉइंट्समन, तिशी ओलांडलेला. निवड झाली तर रेल्वे त्याला खेळायला मोकळं सोडणार होती, नाहीतर इटारसीकडे बदली आणि खेळ कायमचा बंद. मला हे सगळं ठाऊक होतं, कारण तो आठ वर्षं माझ्याच टीममधून खेळला होता. आठही वर्षं मी त्याला दुसऱ्या टोकाकडून टाकायला लावलं होतं.

टीमनं मॅट मी शिकवलं होतं तशीच अंथरली. दोघांनाही तापीच्या टोकाकडून टाकायला दिलं. शाहपूरच्याचे चेंडू सांध्यावर पडू लागले आणि त्यानं पाच जणांना उडवलं. इंदूरचे सिलेक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "वाह, क्या टर्न है!"

मग चांदनीचा आला. त्याचा चेंडू हवेत रेंगाळायचा, फलंदाज पुढे यायचा आणि फसायचा. धावा फार दिल्या नाहीत, पण विकेट एकच मिळाली. त्याचा एकही चेंडू सांध्यावर पडला नाही, कधी वीतभर पुढे, कधी वीतभर मागे. मला वाटलं, बिचारा सगळा जन्म दुसऱ्या टोकाला राहिला, त्याला सांधा कुठून माहीत असणार?

झाडाखाली आम्ही तिघं बसलो. "शाहपूरचा," इंदूरचे म्हणाले. जबलपूरचेही हो म्हणाले. "तुमचं काय मत, मास्तर? तुम्ही स्वतः फिरकीवाले."

मी उठून मॅटचं टोक उलटवलं असतं तर दोन मिनिटांत निकाल फिरला असता. पण त्या सांध्याखाली माझ्याही सगळ्या विकेटी होत्या. मी म्हणालो, "शाहपूरचाच." वर असंही म्हणालो, की त्याला पाहून मला माझी तरुणपणची बोलिंग आठवली. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

शाहपूरचा इंदूरला जाऊन आठवड्यात परत आला. केळीचा घड माझ्या ओसरीवर ठेवून म्हणाला, "मास्तर, इंदूरवाल्याइनं मले जानबूझके काढलं. तुमच्यासारखाच अन्याय झाला माह्यावर." बायकोनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि माझ्याकडे पाहत त्याला विचारलं, "कॅच किती सुटले?"

पुढच्या महिन्यात मी खंडव्याला चाललो होतो. गाडी चांदनीला थांबली. तो काखेत झेंडी धरून माझ्या खिडकीशी आला, हसला, बदलीची ऑर्डर आल्याचं सांगितलं. मी मास्तरकीच्या सवयीनं सल्ला दिला. "टप्पा जरा सांभाळला असतास तर त्या दिवशी..."

"सांध्यावर बॉल टाकाले मलेबी येते, मास्तर," तो म्हणाला. "आठ साल समोरून पाह्यलं तुमाले."

"मग टाकला का नाहीस?"

"तुम्ही बसेल होते ना निवडाले. म्हटलं, बाकीच्याइले नाही समजनार, पन मास्तर सांध्याची विकेट काही धरनार नाहीत. ते खरी बोलिंग पाहतीन."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर जुळवलं असतं, माझा हातखंडाच आहे तो. मला इतकी लाज वाटली की शिट्टी झाल्यावर हात हलवायलाही मी खिडकीबाहेर वाकलो नाही.

गाडी सुटल्यावर समोरच्या प्रवाशानं विचारलं, "मास्तर, तुम्ही क्रिकेटवाले का?"

"नाही," मी म्हणालो. "भूगोल शिकवतो."