दोन साडू आणि हँडसेटची ऑर्डर

पाण्याच्या टाकीच्या शिडीवर मी अर्ध्यात होतो आणि हँडसेटवर रेंजची एकच कांडी दिसत होती. पोटात पुरणाचे धोंडे, अंगावर सासऱ्यांनी नुकताच दिलेला सफारी, डोक्याला फेटा. खालून माझे साहेब ओरडत होते, "अजून वर जा, वर!" ते पुण्याहून आलेले. त्यांना चढायचं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बारामतीत एका मोबाइल कंपनीचं काउंटर सांभाळायचो. काउंटर म्हणजे एक टेबल, एक काचेचं कपाट आणि मी. गिऱ्हाईक यायचं, हँडसेट तळहातावर तोलून बघायचं, "झ्याक हाय" म्हणायचं आणि समोर उसाचा रस प्यायला निघून जायचं. शेवटी साहेबांनी सांगितलं, "निमगाव केतकीच्या फळबागायतदार सोसायटीची ऑर्डर आणा. नाहीतर शटर खाली आणि तुम्ही नागपूरला." बायकोनं हे ऐकून फक्त एवढंच विचारलं, "मे महिन्यात तिथं माणसं राहतात?"

सोसायटीचे चेअरमन तात्या, म्हणजे माझे सासरे. काम सोपं वाटेल. पण माझे साडू सतीशराव, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, इंदापुरात कॉम्प्युटर विकायचे. खिशात मावणारा नवा कॉम्प्युटर घेऊन तेही त्याच ऑर्डरच्या मागे होते.

इथं थोडं जागतिक राजकारण सांगतो. कॉम्प्युटर कुणीही बनवो, त्याला चालवणारा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बहुतेक एकाच बड्या सॉफ्टवेअर कंपनीचा असायचा. ही कंपनी आता खिशातल्या कॉम्प्युटरात शिरली होती. उद्या फोनमध्येही शिरेल आणि आपण नुसते डबे बनवत बसू, या धास्तीनं एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या फोन कंपन्या तिकडं युरोपात एकत्र आल्या होत्या. हे सांगताना साहेब रुमालानं कपाळ पुसायचे. इंदापूर आघाडीवर या युद्धात आम्ही दोन साडू होतो.

धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयांना जेवायला बोलवायचं आणि कपडे करायचे, दोघांना अगदी सारखे. आमचे सफारी एकाच ताग्यातले. शेजारी उभे राहिलो की बँडवाले दिसत होतो. जेवण झालं आणि तात्या म्हणाले, "हं, दावा आता."

सतीशरावांनी कॉम्प्युटर काढला आणि प्लॅस्टिकच्या काडीनं पडद्यावर टोचायला लागले. "तात्या, यात सगळे डाळिंबाचे भाव राहतात."

"पुण्याच्या मार्केटातला आजचा भाव दिसंल?"

"दिसेल की. लिहिला की दिसतो."

"लिवायचा कुनी?"

"तुम्ही."

"मला म्हाईत असता तर तुमाला इचारला असता का, पाव्हणं?"

मी आनंदानं टाकीकडे पळालो. वरच्या पायरीवर फोन लागला. आडत्यानं सगळ्या प्रतींचे भाव घडाघडा सांगितले. एका हातात शिडी, दुसऱ्यात फोन, लिहिणार कशानं? खाली आलो तेव्हा पहिल्या प्रतीचा भाव तेवढा आठवत होता. बाकीचे शिडीवर सांडले होते.

"म्हंजी हेला कळतं पर ऱ्हात न्हाय," तात्या म्हणाले, "आन् तेच्यात ऱ्हातं पर कळत न्हाय. दोन्ही निम्मं निम्मं घिऊ."

साहेब ताडकन उठले. "त्यांच्या सॉफ्टवेअरशेजारी आमचा हँडसेट? अहो, तिकडं युरोपात..."

"युरोपात तुमच्या कंपनीला जावई किती हायती?"

साहेब खाली बसले.

"धोंड्याच्या महिन्यात एका जावयाला ऑर्डर आन् दुसऱ्याला धुपाटनं, आसं आमच्यात न्हाय."

तात्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि माझा हँडसेट सतीशरावांच्या कॉम्प्युटरला पाठीला पाठ लावून आवळून बांधला. एका बाजूनं ऐकायचं, उलटं करून दुसऱ्या बाजूनं लिहायचं. जमलेले सभासद खूश झाले. आम्ही दोघे साडू मात्र पट्टीची गाठ कुणाच्या बाजूला यावी यावर भांडलो. गाठीखाली कंपनीचं नाव झाकलं जात होतं. तात्यांनी निवाडा दिला, "एक दिसाआड."

काउंटर वाचलं. नागपूर टळलं. साहेबांनी वरिष्ठांना ऑर्डर कळवली, ट्यूबचं कळवलं नाही. फोन आणि कॉम्प्युटर एकत्र कसे करावेत यावर त्या मोठ्या कंपन्या पुढं बरीच वर्षं भांडत राहिल्या. निमगावात ते काम दुपारच्या चहाआधी झालं होतं.

सॉफ्टवेअरमधलं मला आजही फारसं कळत नाही. पण कुणा एका कंपनीची मक्तेदारी मोडायची असेल, तर खरेदी करणाऱ्याला निदान दोन जावई असावेत.