भिंतीवरची निळी रेघ

दिवेमास्तरांना वर्षभर एकच ध्यास होता. ज्या गाडीपायी लेकाचा पाय गेला, तिचे दिवे कुणी लावले ते शोधायचं. समोरून आलेल्या झोताने लेकाचे डोळे दिपले, गाडी कठड्यावर आदळली आणि समोरचा न थांबता निघून गेला. "गाडीवाल्याचं सोडा हो," मास्तर म्हणायचे, "ज्या गाढवाने ते दिवे आभाळाकडे तोंड करून लावले, त्याचे हात झडोत!"

म्हणायचा अधिकार होता त्यांना. तीस वर्षं हाच धंदा. पिवळ्या पडलेल्या काचा घासून लख्ख करायच्या. कुणी जास्त पॉवरचा बल्ब मागितला, तर आधी त्याला चार शब्द ऐकवायचे. मग गाडी गाळ्यात भिंतीसमोर उभी करायची आणि झोताची वरची कड निळ्या रेघेला टेकेपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवायचा. जमिनीचा उतार धरून ही रेघ त्यांनीच तरुणपणी मोजूनमापून मारलेली. माझ्यापेक्षा त्या रेघेवर यांचा जास्त विश्वास, असं बायको म्हणायची.

आणि तिनेच एका सकाळी फरशी धुताना कुरकुर केली, "इथलं मेलं पाणी दाराकडे जातच नाही. दीड वर्ष झालं, फडक्याने टिपतेय."

मास्तर चहाचा कप हातात धरून नुसते बघत राहिले. पाणी साचलं होतं ते नेमकं गाडीच्या पुढच्या चाकांच्या जागी. गवंड्याकडून लेव्हलची नळी आणून मापलं, तर जमीन चांगली दोन बोटं खचलेली. गाडीचं नाक खाली गेलं, की झोत रेघेखाली पडायचा, आणि मास्तर तो इमानेइतबारे वर उचलायचे. सपाट रस्त्यावर तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत. दीड वर्षं! शेकडो गाड्या!

ओळखीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी फोन लावले. "दिवे चुकलेत, गाडी परत आणा." लोक हसायला लागले. "चुकलेत कसले, मास्तर! किती लांबचं दिसतं! म्हणून तर मेव्हण्यालाही तुमच्याकडे धाडला." परत आले ते दोघंच. बाकी कित्येकांचे तर नंबरही नव्हते.

तीन दिवस गाळा बंद राहिला. चौथ्या दिवशी मास्तर लेकाच्या खाटेशी बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. "ती गाडी माझ्याकडची असेल की नसेल, कसं कळणार रे आता?"

लेकाने चादरीची घडी सारखी केली.

"दोन्ही दिवे अगदी एका पातळीत होते, बाबा," तो म्हणाला. "केसाइतकाही फरक नव्हता. असे आपल्याकडे दुसरं कोण लावतं?"

"मग वर्षभर बोलला का नाहीस?"

"तुम्ही त्याला इतक्या शिव्या घालत होतात," लेक म्हणाला, "कोणत्या तोंडाने सांगू?"