खाली म्हणजे काय

कारखान्यात माझं काम माल तपासायचं. माप चुकलं की परत पाठवायचं, एवढा सरळ हिशोब. नियम म्हटले की लोकांना धाप लागते, मला उलट बरं वाटतं. तरी फुटबॉलचे नियम शेहेचाळिसाव्या वर्षी शिकेन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझी बदली भोपाळला झाली. नवरा नोकरीमुळे पुण्यातच राहिला आणि अकरावीतली मुलगी माझ्याबरोबर आली. आली म्हणजे मी आणली, तिच्या मनाविरुद्ध. कंपनीच्या बरखेडा कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये सामान लागतंय तोवर तिने माझ्याशी मराठी बोलणं बंदही केलं. भांडण नाही, अबोला नाही, फक्त हिंदी. मी 'आई'ची 'मम्मी' झाले. वडिलांशी फोनवर मात्र मराठीत खिदळायची. स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकताना मला हेवा वाटायचा, सरळ सांगते.

इथे आल्यावर ती कॉलनीच्या फुटबॉल टीममध्ये गेली. हिवाळ्यात त्या टीमच्या मुलींनी आयांची मॅच ठरवली, पलीकडच्या सेक्टरच्या आयांबरोबर. जिने तिने आपापल्या आईला शिकवायचं. मी लगेच हो म्हटलं. खेळासाठी नव्हे, ती रोज अर्धा तास माझ्याशी बोलेल म्हणून.

जेवणाच्या टेबलावर कपड्यांचे चिमटे मांडून शिकवणी सुरू झाली. अकरा जणी. हात फक्त गोलकीपरने लावायचा, तोही आपल्या गोलसमोरच्या चौकटीत. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल मात्र तिनेही हातात घ्यायचा नाही. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला तर दोन्ही हातांनी, डोक्यावरून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून आत फेकायचा. रेषेवर थांबलेला बॉल गोल नाही, सगळाच्या सगळा पलीकडे गेला पाहिजे. हा नियम मला फार आवडला. आमच्या कारखान्यातही अर्धवट माल पास होत नाही.

ऑफसाइडला मात्र गाडी अडली. समोरच्यांच्या अर्ध्यात, बॉलच्या आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे आधीच जाऊन उभं राहून पास घ्यायचा नाही.

"म्हणजे दुकान उघडायच्या आधीच काउंटरच्या आत जाऊन बसायचं नाही," मी म्हटलं.

"पास निकलते वक्त देखो मम्मी, पहुँचते वक्त नहीं," ती चिमटा सरकवत म्हणाली. हसली मात्र नाही.

मला गोलकीपर केलं, कारण मला पळता येत नव्हतं. सरावात एक शब्द सारखा कानावर यायचा, "खाली! खाली!" हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं. मी मोकळी आहे, बॉल मला दे. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात "केबिन खाली है" ऐकून मी जिना उतरून तळमजल्यावर केबिन शोधत हिंडले होते. तेव्हापासून भोपाळात खाली म्हणजे रिकामं, हे मी कानाला खडा लावून लक्षात ठेवलेलं.

मॅच रविवारी सकाळी झाली. दोन्हीकडे अकरा-अकरा आया जमल्या हेच नवल. शेवटची पाच मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. मुलगी माझ्या गोलमागे उभी होती. तेवढ्यात पलीकडच्या एका बाईंनी बॉलला पाय लावला. मारलाही नाही धड, नुसता ढकलला. बॉल रांगत माझ्याकडे येऊ लागला.

"खाली! खाली!" मागून मुलगी किंचाळली.

आमच्यातली कोण मोकळी आहे हे बघायला मी मान वळवली. बॉल माझ्या दोन पायांमधून आत गेला. सगळाच्या सगळा. आम्ही एका गोलने हरलो.

शिट्टी वाजताच ती तरातरा माझ्यासमोर आली. चेहरा लालबुंद.

"अगं आई, खाली म्हणजे खाली! वाकायचं ना! जमिनीवरून येत होता बॉल, आंधळ्यालासुद्धा दिसला असता! तू कुठे बघत होतीस?"

तिच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागल्या, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. चार महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं. मी वेंधळी आहे, मी कुणाचं ऐकत नाही, पुण्यातही ऐकलं नाही, तिला यायचं नव्हतं तरी आणलं. मला लाज वाटली, कारण खरंच होतं ते. आणि इतका आनंद झाला की हसू दाबायला मी ग्लोव्हज काढत बसले.

ती दम घ्यायला थांबली. आता पुन्हा हिंदी सुरू होईल, या भीतीने मी घाईघाईने म्हटलं, "मला नीट समजलं नाही गं. परत सांग."