अर्ध्या मुंडाशाचा फोटो

गिऱ्हाइकाचा अपमान करून वर त्याच्याकडूनच नमस्कार घेणारा माणूस साऱ्या जुन्नर पेठेत एकच आहे, आणि तो म्हणजे आमचे फोटोवाले चाचा. हे मी रागाने लिहितो आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. चाचांवर मी जेवढा रागावलो आहे तेवढा दारूच्या ठेकेदारांवरही रागावलेलो नाही. चाचांचं घराणं कागद्यांचं. वाडवडील चिंध्या कुजवून हातकागद करायचे. गिरणीचा कागद आला, हौद कोरडे पडले, आणि चाचांनी कुठूनशी फोटोची एक पेटी पैदा केली. धंदा बदलला, पण कागद समोर आला की त्याच्या कडा छाटायच्या ही पिढ्यान्‌पिढ्यांची खोड हातात तशीच राहिली.

फोटोला बसलेल्या माणसाचा मुडदा होतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते कुणाला बसवतच नाहीत. अंगणात उन्हाला तोंड करून माणूस उभा करायचा, स्वतः काळ्या फडक्यात डोकं खुपसायचं आणि आतून ओरडायचं, "अजून तयार न्हाई. बोला तवर. यंदा कांदा कसा हाय?" माणूस कांद्याविषयी बोलू लागला की रबराचा गोळा दाबून मोकळे. मग ते बाहेर येतात, "हां, आता सावध," म्हणतात, आणि माणूस छाती फुगवून, श्वास कोंडून पुतळ्यासारखा उभा राहतो. त्या वेळी पेटीत फोटो उमटायची काच नसतेच. समाधान गिऱ्हाइकाचं, फोटो चाचांचा. आंबेगावहून खास आलेले एक इनामदार या पद्धतीने कानाच्या पाळीमागे खाजवताना कायमचे अमर झाले.

त्यात भर म्हणजे त्यांच्या अंगरख्याच्या खिशातले काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन. ते एकमेकांवर सरकवून लहानमोठी चौकट होते, आणि छापण्याआधी चाचा ती चौकट फोटोवर ठेवून तासन्‌तास सरकवत बसतात. काय ठेवायचं हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. काय काढायचं एवढाच पडतो. इनामदारांनी छातीवर घड्याळाची नवी सोन्याची साखळी लावून फोटो काढवला होता. हातात आलं ते गळ्यापासून वरचं. ते संतापले तेव्हा चाचा शांतपणे म्हणाले, "घड्याळाचा फोटू पायजे तर घड्याळ पाठवून द्या, सरकार. तुमी यायची गरज न्हाई." लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांकडे त्या चौकटीतून पाहतात. एकदा त्यांनी माझं चार पानांचं पत्रक हातात घेतलं. दारूच्या दुष्परिणामांवर मी आठवडाभर खपून लिहिलेलं. त्यावर पुठ्ठे सरकवत सरकवत अखेरीस त्यांनी एकच ओळ उघडी ठेवली: 'बाजाराच्या दिवशी पोरं उपाशी निजतात.' म्हणाले, "हेवढं पुरं हाय, भाऊ. बाकीचं निस्तं कापड." मी त्यांच्याशी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी पत्रक दोन पानांचं केलं, पण ते त्यांना सांगितलं नाही.

छाटतात म्हणून ते काहीही पुसतात असं मात्र नाही. एका वकिलांनी मुलाचा फोटो मुलीकडे पाठवायला काढवला आणि चेहऱ्यावरचे देवीचे वण काचेवर पेन्सिल फिरवून घालवा म्हणून सांगितलं. पुण्यातले फोटोवाले हे रोज करतात. चाचांनी काच परत ठेवून दिली. "लग्नाच्या दिशी वण पाठवनार न्हाई का तुमी? मग आत्ताच दावा की." वकीलसाहेब पुण्याला गेले.

हे सगळं मी सहन केलं. बेल्ह्याचं मात्र मला सहन झालं नाही.

बेल्ह्याच्या बैलबाजाराला त्या दिवशी आम्ही दारूबंदीचे दहाबारा जण दारूच्या गुत्त्यापुढे उभे होतो. दंगा नाही, शिवीगाळ नाही. येणाऱ्याला हात जोडायचे आणि परत फिरवायचं. दुपारी एक म्हातारा धनगर आला. मेंढरं विकून झाली होती आणि पाय नेहमीच्या वाटेला लागले होते. दारात ओतूरच्या शाळेचे मास्तर दोन्ही हात पसरून उभे. मास्तर सरकारी नोकर. त्यांनी तिथे यायलाच नको होतं, पण ते आले होते. म्हाताऱ्याला ते म्हणाले, "बाबा, आत जायचं तर मला ढकलून जा."

म्हातारा त्यांना वरखाली न्याहाळत राहिला. "तुमास्नी ढकलून? अवो मास्तर, तुमी वाऱ्यानं पडाल," असं म्हणून तो जो हसायला लागला तो हसतच मागे वळला. गुत्त्याकडे पाठ, तोंडावर ऊन, बोळक्यात तीन दात. समोर चाचा काळं फडकं घालून उभेच होते. बैलांचे फोटो काढायला आलेत असं ते सगळ्यांना सांगत होते. गोळा दाबला गेला.

दोन दिवसांनी चाचांनी मला पहिली कच्ची छाप दाखवली. पुढे तो हसणारा म्हातारा, मागे गुत्त्याची पाटी, आणि मधोमध हात पसरलेले मास्तर, चेहरा असा स्पष्ट की मिशीचे केस मोजावेत. मी म्हणालो, असाच्या असा द्या, पुण्याला छपाईचा ठसा करून घेतो आणि पत्रकाच्या पहिल्या पानावर छापतो. शिकलेला माणूस आमच्यात उभा आहे हे जिल्ह्याला कळू दे.

चाचा पुठ्ठे सरकवत होते. "मास्तर मुंडाशातनं उगावलाय," ते म्हणाले. खरंच, मास्तरांचं डोकं म्हाताऱ्याच्या मुंडाशावर कणीस फुटावं तसं आलं होतं.

"उगवू दे. तोच तर पुरावा आहे."

"पुरावा कचेरीत दावायचा आसतो. ह्यो फोटू हाय."

आठ दिवसांनी पक्का फोटो मिळाला. त्यात मास्तर नव्हते, पाटी नव्हती, गुत्ता नव्हता. म्हाताऱ्याचा नुसता हसरा चेहरा, आणि तोही कपाळाच्या जरा वर छाटलेला. मुंडासं अर्धं. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भित्रे आहात, असंही म्हणालो. "देवीचा वण पुसायला तुम्ही तयार नाही, आणि जिता माणूस पुसता?"

चाचा चिडले नाहीत. "वण पुसला तर माणूस खोटा हुतो. मास्तर काढला तर फोटू ल्हान हुतो, हेवढंच. ल्हान फोटूनं कुणाचं वाईट व्हत न्हाई."

तेवढ्यात तो धनगरच स्वतःचा फोटो बघायला येऊन टेकला. बराच वेळ पाहून म्हणाला, "त्वांड माजंच हाय. पन राव, मुंडासं कुठं ग्येलं?"

"तुमच्या डोस्क्यावर हाय की, बाबा," चाचा म्हणाले. म्हाताऱ्याने हात लावून खात्री करून घेतली आणि फोटो कांबळ्यात गुंडाळून नेला.

मी धुसफुसत तोच चेहरा छापला. पत्रक निघून पंधरवडा झाला नसेल, एके सकाळी मी चाचांकडे बसलेलो असताना शाळाखात्याचे डिपोटीसाहेब दारात उभे राहिले, बरोबर एक हवालदार. ठेकेदाराने अर्ज केला होता: सरकारी शाळेचा मास्तर गुत्त्यापुढे उभा होता आणि तिथे फोटो निघाला आहे. डिपोटी म्हणाले, "ठेकेदाराच्या नुसत्या शब्दावर मी कुणाला बडतर्फ करत नाही. फोटोत मास्तर असला तर मात्र त्याची नोकरी गेली. ती काच आणा."

फोटो छापताना चाचा कागद झाकतात, काचेला हात लावत नाहीत. काचेवर सगळं जसंच्या तसं असतं, हे मला ठाऊक होतं. मास्तरांच्या घरी चार लेकरं आणि अंथरुणाला खिळलेला बाप. आणि मी तो चेहरा पहिल्या पानावर छापायला निघालो होतो.

चाचांनी काच आणून डिपोटींच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली. म्हातारा, तीन दात, अर्धं मुंडासं. त्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना काचच नव्हती. कडा काच कापायच्या हिरकणीने सरळ कापलेल्या होत्या.

"हा फोटो अर्धा आहे," डिपोटी म्हणाले.

"माजे समदे आर्धेच आसत्यात, सायेब. पेठेत कुनालाबी इचारा."

हवालदार न विचारताच बोलला, "खरं हाय सायेब. माज्या भावाचा बैल काढला, शिंगंच न्हाईत." डिपोटींचा चेहरा हळूहळू बदलला. ते चाचांकडे निरखून पाहू लागले. "दोन वर्षांपूर्वी माझं पागोटं तुम्हीच कापलंत ना?"

"व्हय सायेब. लई मोठं व्हतं."

डिपोटींनी काच खाली ठेवली, अर्जावर 'फोटोत आढळ नाही' असं लिहिलं आणि मागे न बघता निघून गेले. मी ओट्यावर बसलो. हसू आवरत नव्हतं. इतक्या वर्षांत चाचांनी ज्यांना ज्यांना छाटलं त्या साऱ्यांच्या तक्रारी त्या सकाळी मास्तरांच्या बाजूने साक्ष देऊन गेल्या होत्या. मी विचारलं, "चाचा, तुम्ही काच कधी कापत नाही. ही का कापलीत?"

"मुंडासं आड येत व्हतं," ते म्हणाले, आणि पाणी आणायला आत गेले. याहून जास्त त्यांनी कधीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओतूरला गेलो. शाळेत शिरलो नाही. आम्हा दोघांना कुणी एकत्र पाहू नये एवढी अक्कल आता मला आली होती. भिंतीपलीकडे पाढे चालले होते. कुणीतरी चुकलं आणि मास्तरांचा आवाज चढला. पाढे मला लहानपणापासून नकोसे. त्या दिवशी मात्र ते संपेपर्यंत मी चिंचेखाली उभा राहिलो.

संध्याकाळी चाचांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मास्तर हसत व्हता का?"

"नाही. ओरडत होते."

"मंग ऱ्हाऊ द्या. त्येचा एक फोटू माज्याकडनं द्यायचा ऱ्हायलाय. हसंल तवा सांगा, पेटी घिऊन येतो."

हे बोलताना ते माझ्याकडेच पाहत होते, पण नजर माझ्या खांद्याच्या थोडी पलीकडे लागली होती. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, डावाही फार मागे नाही. मास्तरांना लवकर हसवायला हवं.